शीतगुरूंचं घसरतं अमृत

शीतगुरूंनी कॅनमधलं धूर ओकणारं अमृत तळहातावर ओतलं. थेंब सुळसुळ घसरून गेले, हाताला काही म्हणता काही नाही! टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

"अतिप्रवाही अणू!" गुरू गरजले. "घर्षण शून्य! याच अणूंचे पुंजके नसांत सोडतो. रक्ताची गुठळी सुटलीच समजा!"

पहिल्या रांगेत धाकटीचे पप्पा होते. रंगारी माणूस, पक्षाघातानं उजवा हात लुळा पडलेला. सेवकांनी तो जाड सुती पट्टीत गच्च गुंडाळला. आता त्यावर अमृत ओतायचं होतं.

शेजारी बसलेली धाकटी कॅनकडे निरखून बघू लागली. अशी कॅन तिनं मावशीच्या जनावरांच्या दवाखान्यात पाहिली होती. मावशी सारखी बजावायची, हातमोजा भिजला तर आधी काढून फेक!

ती तडक व्यासपीठावर चढली. "गुरुजी, आधी तुमच्या हाताला पट्टी बांधून त्यावर ओता."

"कार्टे, अमृताची परीक्षा घेतेस?"

"कसलं अमृत? वळूचं वीर्य गोठवायचा द्रवरूप नायट्रोजन आहे तो!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात एका सेवकानं धाकटीच्या थोबाडीत मारली. ओठ फाटला. दुसऱ्यानं वेणी धरून फरफटवलं, पोटात लाथ घातली.

"पोरीला सोडा रे!" पप्पा ओरडले, तर त्यांनाच खुर्चीत दाबून धरलं. गुरूंनी कॅन उचलली.

धाकटी सेवकाच्या मनगटाला कडकडून चावली, सुटली आणि थेट गुरूंच्या पोटावर डोक्यानं धडकली. कॅन उलटली. गुरूंच्या झग्याची लांब बाही चिंब भिजली.

"मेलो! मेलो!" गुरूंनी बाही ओढली. कापडाबरोबर कातडीही सोलून आली.

"ओढू नका! कोमट पाणी आणा कुणीतरी!" धाकटी रक्त थुंकत म्हणाली. मग तिनं लोकांकडे तोंड वळवलं. "उघड्या तळव्यावर हे उकळतं. खाली वाफेचा थर होतो, थेंब त्यावरून घसरतात. कापडात मात्र मुरतं आणि हात गोठवतं. पप्पांचा हात गेलाच असता! अतिप्रवाही पुंजके खरे असतात, पण ते हेलियमच्या मोजक्या अणूंचे. त्यांत अडकलेला रेणू बिनअडथळा गरगरतो. त्यासाठी याहून कितीतरी भयंकर थंडी लागते. आपल्या गरम रक्तात त्यांचा क्षणात वायू होईल!"

कुणीतरी पाण्यासाठी धावलं. गुरू विव्हळत होते, "डॉक्टर! अरे, डॉक्टरला बोलवा!"

ऐकलंत? स्वतःच्या हातावर बेतलं तेव्हा गुरूंनी कुणाला हाक मारली? मग आपल्या माणसासाठी तुम्हीही त्यालाच हाक मारा.