मीटरची पायरी

मित्रांनो, पायरीवर पाय ठेवायचा आणि पुढे जायचे, हीच रीत आहे. थांबून पायरीकडे कोणी पाहत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी रोडोपी नावाच्या डोंगरातल्या एका लहान गावची जुनी दगडी पायरी आहे. आज ऊन चांगले पडले आहे, तेव्हा घटकाभर माझ्यावर टेका. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे असे मला वाटते.

आमच्या गावामागच्या खाणीत माझा जन्म झाला. माझा रंग राखी आहे. आत अभ्रकाचे कण आहेत, त्यामुळे पाऊस पडून गेला की मी चकाकते. असेन नावाच्या गवंड्याने मला खाणीतून काढले, छिन्नीने चौकोनी केले आणि खेचरांच्या गाडीत घालून शाळेमागच्या टेकडीपाशी आणले. त्या टेकडीच्या माथ्यावर गावाने नुकतीच एक छोटी वेधशाळा बांधली होती. पांढरा घुमट, आत एक दुर्बीण. पण वर जायला नुसती चिखलाची पायवाट होती. मुले वर पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत माखत.

शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला झ्लातीना बाई होत्या. उंच, सडपातळ, आवाज असा की खालच्या बाजारात ऐकू जावा. पायऱ्या बांधायचे ठरले त्या दिवशी त्या टेकडीच्या पायथ्याशी असेनला भेटल्या. मी तिथेच गवतात पडले होते.

"किती पायऱ्या हव्यात, बाई?" असेनने विचारले.

"बेचाळीस."

"ही टेकडी एकोणचाळीसची आहे. दोरी लावून पाहिलंय मी."

"जग बेचाळीसचं आहे, मिस्त्री. तेही मोजून पाहिलंय लोकांनी."

"मग जगातून तीन कापा की! कोणाला कळणार आहे?"

"तुम्ही टेकडी ताणा जरा," बाई म्हणाल्या.

असेनने टोपी काढून डोके खाजवले. बाईंनी खडू घेतला आणि माझ्याच अंगावर लिहून त्याला समजावून सांगितले. प्रत्येक पायरीचे माप खालच्या पायरीच्या दसपट; एकाच पायरीवर डाव्या काठाकडून उजवीकडे सरकले की ते वाढत जाते. सगळ्यात खाली अणूचे केंद्र. तिथून पाच पायऱ्या वर अख्खा अणू. त्याची लांबी अँगस्ट्रॉममध्ये मोजतात, म्हणून ती अँगस्ट्रॉमची पायरी. अजून दहा पायऱ्या चढल्या की मीटर. मीटरच्या वर सात पायऱ्यांवर पृथ्वी, अकरा पायऱ्यांवर सूर्य किती लांब आहे ते, आणि मग तारे, ताऱ्यांचे पुंजके, आणि अगदी माथ्यावर, घुमटाच्या दाराशी, आपल्याला दिसू शकते तेवढे सगळे विश्व.

"पोरं शून्यं हरवतात," बाई म्हणाल्या. "अँगस्ट्रॉमचे मीटर करायला सांगितलं की एक शून्य इकडे, दोन तिकडे. वहीत हरवतं ते पायाखाली नाही हरवायचं. चढली एक पायरी की दसपट, उतरली की दहावा हिस्सा. बस्स."

असेनने टेकडीकडे मान वर करून पाहिले. मग म्हणाला, "पायऱ्या ठेंगण्या कराव्या लागतील. म्हाताऱ्यांचे गुडघे दुवा देतील तुम्हाला."

अशा रीतीने आम्ही बेचाळीस जणी त्या टेकडीवर बसलो. माझ्या वाट्याला मीटरची जागा आली. खरे सांगते, मी थोडी हिरमुसले. खालच्यांच्या अंगावर अणू, केसाची जाडी असल्या गूढ गोष्टी कोरल्या होत्या. वरच्यांच्या अंगावर तारे होते. आमच्यातली एक तर फारच तोऱ्यात असे. प्रकाशवर्षाची खूण तिच्या अगदी उजव्या काठावर होती, आणि पार्सेक या त्याहून मोठ्या मापाची खूण तिच्या वरच्या बहिणीच्या बरोबर मध्यावर. पाहुणे आले की बाई हटकून तिथे थांबत आणि सांगत, "आता पाहा, प्रकाशवर्ष आणि पार्सेक यांच्यात अर्ध्या पायरीचं अंतर. म्हणजे साधारण तिप्पट." आणि पाहुणे माना डोलावत.

"हिच्यावर काय कोरू?" माझ्यापाशी आल्यावर असेनने विचारले होते.

"माणूस."

"कुठला?"

"कुठलाही, मिस्त्री. मीटरच्या आसपास कोणीही चालेल."

त्याने टोपी घातलेला एक छोटा माणूस कोरला. तो स्वतःचाच आहे असे सारा गाव म्हणे, आणि असेन ते कधी नाकारीत नसे.

मग सुखाची वर्षे आली. शाळा सुटली की बाई टेकडीखाली उभ्या राहून ओरडत, "अँगस्ट्रॉमपासून मीटर!" आणि मुलांचा लोंढा धापा टाकत माझ्यापर्यंत येई. "मीटरपासून सूर्य!" की लगेच वर पळापळ. कोणी घसरून दोन पायऱ्या खाली आले की बाकीचे चिडवत, "शंभरपट लहान झालास रे!" तेव्हा माझ्या लक्षात आले, की खालून वर जाणाऱ्या आणि वरून खाली येणाऱ्या सगळ्यांना माझ्यावर पाय ठेवूनच जावे लागते. अणूचा हिशेब ताऱ्यापर्यंत न्यायचा तर वाटेत माणूस लागतोच. मग माझा हिरमोड कुठल्या कुठे गेला.

प्लोवदिव शहरातून मास्तर लोक आम्हाला पाहायला येत, फोटो काढत. बाई त्यांना चीज भरलेली बानित्सा खायला घालत आणि असेनला मुद्दाम बोलावून म्हणत, "हे आमचे विश्वाचे गवंडी." तो लाजून टोपी पुढे ओढी.

पण दिवस सारखे राहत नाहीत. गावातली तरुण माणसे कामासाठी परदेशी जाऊ लागली. शाळेत मुले कमी झाली. घुमटाचे दार गंजले. झ्लातीना बाई निवृत्त झाल्या, त्यांचे गुडघे दुखू लागले, आणि टेकडी चढणे त्यांनी सोडले. माझ्या अंगावर शेवाळ वाढले. छोट्या माणसाची टोपी हिरवी झाली.

एका वसंतात बर्फ एकदम वितळले आणि अणू ते मीटर यांच्यामधला टेकडीचा भाग खचला. त्या पट्ट्यातल्या माझ्या बहिणी खाली घरंगळल्या. नगरपालिकेने बाहेरून एक ठेकेदार आणला. असेनला कोणी विचारलेसुद्धा नाही. त्याला ते फार लागले. "माझ्या हातचं काम दुसऱ्याकडून लिंपून घेतलं," असे म्हणून त्याने या वाटेने येणेच बंद केले. बाजारात जायचे तर तो गिरणीकडून वळसा घालून जाई.

ठेकेदाराच्या माणसांनी बहिणींना परत रांगेत बसवले. पण खचल्यामुळे उतार बदलला होता. शेवटी थोडी उंची उरली, तेव्हा त्यांनी मध्येच एक सिमेंटची पायरी ओतली, वरून राखी रंग फासला आणि ते निघून गेले. आमच्यातल्या कित्येक जणींवर खूण नव्हतीच, म्हणून ती कोरी पायरी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. अँगस्ट्रॉमपासून माझ्यापर्यंत आता दहाच्या जागी अकरा पायऱ्या झाल्या. मला ते कळत होते. पण दगडाला सांगता कुठे येते?

त्याच सुमारास असेनची नात इस्क्रा गावात राहायला आली. तिची आई स्नेझाना स्पेनमध्ये वालेन्सियाला संत्र्यांच्या बागेत कामाला गेली होती, म्हणून पोरीला आजोबांकडे ठेवले होते. इस्क्राला मैत्रिणी नव्हत्या. ती रोज एकटी टेकडीवर यायची. शेवाळ खरवडून आमच्या खुणा वाचायची, आणि काही अडले की खाली झ्लातीना बाईंच्या अंगणात जाऊन विचारायची. बाई खुर्चीत बसून तिला सगळे समजावत. पाहता पाहता तिला आमच्या खुणा पाठ झाल्या. गणित करताना ती डोळे मिटे आणि मनातल्या मनात पायऱ्या चढे. मला कौतुकही वाटे आणि भीतीही.

सातवीत ती स्मोल्यान शहरातल्या मोठ्या शाळेच्या निवड परीक्षेला बसली. ती शाळा तिला मनापासून हवी होती. निकाल पाहून परत आली ती थेट माझ्यावर येऊन बसली आणि गुडघ्यांत डोके घालून रडू लागली. बाजूच्या वाटेने असेन तिला शोधत आला. कितीतरी वर्षांनी मी त्याला पाहत होते.

"काय झालं गं?"

"एका गणितानं गेलं, आजोबा. पृथ्वीपासून सूर्यापर्यंत हायड्रोजनचे अणू एकाला एक चिकटवून ठेवले तर किती लागतील? मी दहाचा बाविसावा घात लिहिला. ते म्हणतात एकविसावा. पण मी मोजलं होतं! बरोबर मोजलं होतं!"

असेनला गणितातले फारसे कळत नव्हते. पण नातीच्या 'बरोबर मोजलं होतं' या शब्दांवर त्याचा विश्वास होता. तडक जाऊन त्याने झ्लातीना बाईंना बोलावले आणि स्वतः पुन्हा बाजूच्याच वाटेने वर आला. बाई काठी टेकत, दर चार पायऱ्यांना थांबत चढल्या.

"पोरी, सूर्य दसपट लांब नेऊन ठेवलास!" त्या म्हणाल्या. "गारठून मेलो असतो आम्ही सगळे."

"बाई, तिला हसू नका," असेन म्हणाला.

"तिला नाही हसत. तुम्हाला विचारते, मिस्त्री. चढताना मी मोजल्या. अँगस्ट्रॉमपासून इथवर अकरा आहेत. पायऱ्या कोणाच्या?"

असेनचा चेहरा लाल झाला. "माझ्या पायऱ्या चुकत नाहीत!"

"मग जग चुकलं असेल."

तो ताडताड खाली गेला. कमरेची हातोडी काढून एकेका पायरीवर ठोका मारत वर येऊ लागला. टण्. टण्. टण्. प्रत्येक बहीण त्याला ओळखून उत्तर देत होती. आणि मग एकीवर नुसते 'थप' झाले. त्याने पुन्हा मारून पाहिले. रंगाचा पापुद्रा उडाला.

"हा माझा दगड नाही," तो हळूच म्हणाला. मग नातीजवळ येऊन बसला. "माझंच चुकलं, इस्क्रा. रुसून बसलो. एकदा जरी या वाटेनं आलो असतो, तरी पायानं ओळखलं असतं."

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष ल्यूबेन स्वतः आले. "असेनदादा, पायरी काढली तर तिथे केवढी उडी पडेल! कोणी पडलं तर माझ्या डोक्यावर येईल."

"उडी कशाला पडेल? ती उंची बाकीच्यांत वाटून देतो. एकेकीला बोटभर. आधीच ठेंगण्या आहेत, झ्लातीना बाईंच्या कृपेनं."

"पण मजूर नाहीत माझ्याकडे."

"तुमचे हात आहेत ना?" बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात असताना तुम्ही याच पायऱ्यांवरून घसरायचात, ल्यूबेन. पाठीला अजून खूण असेल."

नगराध्यक्ष हसले आणि त्यांनी कोट काढला.

रविवारी अर्धा गाव टेकडीवर होता. पहारी होत्या, दोऱ्या होत्या, ताकाच्या कळश्या होत्या. असेनला आता दगड उचलवत नव्हता; तो माझ्यावर बसून हुकूम सोडी. "डावीकडून घ्या! अरे, ती काय भोपळा आहे का? हळू!" सिमेंटची पायरी फोडली, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मधल्या बहिणींना एकेक करून उचलले, खाली खडी ठोकली आणि बोटाबोटाने वर सरकवून बसवले. इस्क्रा प्रत्येक दगड बसला की पाय ठेवून पाही. शेवटी ती अँगस्ट्रॉमच्या पायरीवरून मोठ्याने मोजत माझ्यापर्यंत आली.

"दहा!" ती ओरडली.

झ्लातीना बाईंनी काठी वर उचलून हवेत फिरवली. असेनने टोपी काढली आणि कितीतरी वेळ ती पुसत बसला.

पुढच्या वर्षी इस्क्राने परीक्षा पुन्हा दिली आणि तिला ती शाळा मिळाली. त्या उन्हाळ्यात स्नेझाना सुट्टी काढून घरी आली. उन्हाने रापलेली, हातांना संत्र्यांच्या सालीचे डाग. इस्क्राने तिला हात धरून टेकडीवर आणले आणि माझ्यावरून आणखी वर पाठवले.

"अजून वर, आई. सहावी. आता थोडी डावीकडे. हां, तिथेच उभी राहा."

"इथे काय आहे?"

"वालेन्सिया, दोन हजार किलोमीटर. आणि मी इथे." ती माझ्यावर, त्या टोपीवाल्या माणसाशेजारी उभी होती. "तू असतेस तिथून मी एवढी लांब."

स्नेझानाने खाली पाहिले.  मग ती उतरू लागली, सावकाश, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत, जणू मधला सगळा मुलूख तिला पायांनी पाहायचा होता. माझ्यावर पोचली आणि तिने लेकीला जवळ घेतले. दोघींचे वजन माझ्यावर होते. एवढे हलके ओझे मी आजवर कधी पेलले नाही.

मित्रांनो, ऊन, पाऊस, बर्फ आणि तुमची पावले यांनी मी आता मध्ये जरा खोलगट झाले आहे. त्याचे दुःख नाही. झिजायचेच तर अशा कामात झिजावे. मागणे एवढेच आहे. तुमच्याही गावात कोणीतरी जीव लावून, नीट मोजून बसवलेले काहीतरी असेल. एखादा पार, एखादे घड्याळ, एखादी विहीर. ते मोडले तर जरूर दुरुस्त करा. पण फावडे उचलण्याआधी, ज्याने ते बसवले त्याच्या दारात जा आणि त्याला हाक मारा. तो रुसला असेल, म्हातारा झाला असेल, दोन शब्द ऐकवीलही. ते ऐकून घ्या. तो टोपी घालून तुमच्याबरोबर निघेल.