पॉइंट काढलेलं इंजिन

खोटं लिहिलंत तुम्ही, साहेब. तपासणीला आलात, पण बॉनेट उघडलं नाही, गाडीतून पाय खाली टाकला नाही, काचेतून एकदा पाहिलंत आणि ठोकून दिलंत, ‘यंत्र निकामी.’ चाळीस वर्षं ज्या ट्रॅक्टरने दुरुस्तीच्या होड्या पाण्यातून वर ओढल्या, त्याला तुमच्या दोन शब्दांनी धक्क्याबाहेर बसवलं. महिन्याभरात फेरतपासणी, नाहीतर धक्क्यावरचा परवाना कायमचा रद्द.

निकामी नव्हता तो. हट्टी होता, मालकासारखा.

मालक म्हणजे सासरा. ट्रॅक्टरच्या शेडशेजारच्याच खोलीत सून मोटारींचं वाइंडिंग करायची, जळक्या मोटारींत नवी तार भरायची, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते तिला आवाजावरूनच कळत होतं. पेट्रोलवरचं जुनं इंजिन. ठिणगी पडायची ती दोन चिमुकल्या पॉइंटांच्या उघडझापीवर. खाऱ्या हवेत ते काळे पडत. सासरा ते घासायचा आणि दोघांमधलं केसभर अंतर नुसत्या अंदाजाने लावायचा. पण दोन वर्षं झाली, त्याचे हात थरथरायला लागले होते. घरात सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं.

सून बोलली. “बाबा, पॉइंटच काढून टाकू. इलेक्ट्रॉनिक बसवू. आत चुंबकाची चकती फिरते, तिच्यावर डोळा ठेवून एक डबी ठिणगी सोडायला लावते. घासायला नको, अंतर नको.”

“मलाही काढून टाक. मीही जुनाच आहे.”

“तुमच्या जागी बसणारी डबी मिळाली असती तर कधीच मागवली असती. जरा कमी बोलणारी.”

सासरा तोंड फुगवून स्टुलावर बसला. तिने डबी बसवली, रोजच्या सवयीने काळी, मायनसची, वायर बॉडीला दिली, स्विच दाबला. चर्र झालं. जळका वास शेडभर पसरला आणि डबी गेली.

दोन दिवस घरात भांडीच बोलत होती. तिसऱ्या दिवशी सासरा दारात येऊन उभा राहिला.

“या ट्रॅक्टरच्या बॉडीला बॅटरीचं प्लस आहे. त्या काळी असायचं तसं. तू उलटी वायर लावलीस, ते मी बघत होतो.”

“बघत होतात?”

“आणि गप्प बसलो.”

तिने हातातला पाना टेबलावर आपटला. “महिन्यातले अकरा दिवस गेले, बाबा! माझा नाही, तुमचा परवाना जाणार आहे!”

“हे चाललं असतं तर माझं काय काम उरलं असतं?”

तिने पाना पुन्हा उचलला. मग म्हणाली, “हा उलटा कारभार सुलटा कसा करायचा, ते मला कुठे येतंय? तेवढं शिकवा, मग रुसा.”

नवी डबी यायला नऊ दिवस लागले. सासरा सांगत गेला, सून करत गेली. बॅटरीच्या तारा फिरवल्या, कॉइलच्या बदलल्या. राहिला बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो. त्याच्या टोकाला बॅटरीची तार क्षणभर टेकवली की त्याचं चुंबकत्व फिरतं. जास्त वेळ टेकवली की डायनॅमो जळतो.

“ते मी करतो,” सासरा म्हणाला.

तार हातात थरथरत होती. सून बाजूला सरकली. तार टेकली, चट्‌ करून ठिणगी उडाली, झालं.

मग नवी डबी. हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. सासरा कान देऊन ऐकत राहिला. “च्यायला, एक ठोका चुकत नाही. माझ्या हाताला हे जमलं नव्हतं, सूनबाई.”

साहेब, फेरतपासणीला तुम्ही आला नाहीत, कारकून पाठवलात. भर धुक्यात ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला आणि त्याने चिंब भिजलेली होडी चढावरून ओढून वर आणून ठेवली. कारकुनाने स्वतः पाहिलं, मान डोलावली आणि मग फॉर्म काढला. “पॉइंटमधलं अंतर किती?”

“पॉइंटच नाहीत,” सून म्हणाली.

“मग हा रकाना कोरा राहतो. कोरा रकाना म्हणजे अर्ज अपूर्ण.”

साहेब, मुदत संपायला दोन दिवस आहेत. धक्क्यावर तीन होड्या याच ट्रॅक्टरसाठी थांबल्यात. सून तोच अर्ज घेऊन तुमच्या खिडकीशी उभी आहे, सासरा कचेरीच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरच्या सीटवर बसलाय, इंजिन चालू आहे. त्या रकान्यात काय लिहायचं? कारकुनाने नाही, तुम्ही सांगा. आत्ता.