कमरेचे दोन इंच

घरात काय, कारखान्यात काय, तिला सगळे शिडीच म्हणायचे. नववीत असतानाच तिला वडिलांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसू लागलं होतं. आणि एका जागी बसणं तर तिला ठाऊकच नव्हतं. "ही पोरगी बुडाला चाकं लावूनच जन्माला आली," असं आई म्हणायची. जेवताना तिचा पाय हलायचा, बोलताना बोटं टेबलावर वाजायची, झोपेतसुद्धा तिचं पांघरुणाशी भांडण चालू असायचं.

शाळा संपल्यावर ती शहरात ताईकडे राहायला आली. ताई इस्पितळात नर्स होती. दोघींत मिळून एक खोली, एक खिडकी आणि एक आरसा. तोही असा, की शिडीला स्वतःचं तोंड बघायला गुडघे वाकवावे लागत. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात तिला तपासणीचं काम लागलं. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायचे, बटणं ओढून बघायची, डाग दिसला की तो कपडा बाजूला टाकायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. आठ महिन्यांत तिचा जीव विटला.

त्याच सुमारास नमुन्याचे कपडे घालून दाखवणारी मुलगी नोकरी सोडून गेली. कुठलाही कपडा हजारांनी कापण्याआधी कारखान्यात त्याचा एकच नमुना शिवत आणि तो जिवंत माणसाच्या अंगावर चढवून मापं पक्की करत. हे काम मास्तरांकडे होतं. मास्तर साठीला टेकलेले, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. त्यामुळे ओठ न हलवता बोलायची त्यांना सवयच लागली होती. ते तपासणीच्या टेबलांशी आले, चार मुलींची मापं घेतली आणि शिडीपाशी थांबले. छाती, कंबर, नितंब, तिन्ही आकडे त्यांच्या कागदाशी जुळले.

"उद्यापासून वर ये," ते म्हणाले. "काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

नेमकं तेच तिला जमत नव्हतं. पहिल्या दिवशी तिला सात टाचण्या टोचल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर वैतागले. "अगं, अंगात वारं भरलंय का तुझ्या? जरा पुतळ्यासारखी उभी राहा की!"

"मास्तर, पुतळ्याला बसने जायचं नसतं," तिच्या तोंडून निघून गेलं. "हा कोट घालून बसचा दांडा धरा एकदा. काखेत काचतो आणि पाठ वर चढते."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "परत हात वर कर."

तिने केला. मग खाली वाकली, खुर्चीत बसली, उठली, खांद्यावरची पिशवी सावरावी तसा खांदा उडवला. मास्तर तिच्याभोवती फिरत खडूने खुणा करत राहिले. त्या कोटाची बाही त्यांनी उसवून पुन्हा लावली.

त्या दिवसापासून तिच्या चुळबुळीला काम मिळालं. मास्तरांनी तिला बोलायलाही शिकवलं. "घट्ट वाटतंय, असं म्हणायचं नाही. कुठे ते सांग. डावीकडे की उजवीकडे, बसल्यावर की चालताना?" वर्षभरात ती डोळे मिटून सांगू लागली, की शिवण अर्ध्या बोटाने पुढे आलीय. माल घेणारी माणसं नमुना बघायला आली की विचारायची, "ती उंच मुलगी आहे ना आज?" दर सोमवारी मास्तर तिची मापं घेऊन वहीत लिहीत. तिचं अंग बदललं नाही पाहिजे, एवढीच अट होती.

मग एका सकाळी बसच्या खिडकीतून तिला तो कोट दिसला. चौकातल्या भल्यामोठ्या फलकावर, दुसऱ्याच मुलीच्या अंगात. त्या मुलीने हात वर केला होता आणि बाही जिथल्या तिथे होती.

शिडी दोन थांबे पुढे जाऊन उतरली आणि चालत मागे आली. फलकाखाली उभी राहून ती बराच वेळ वर बघत होती. कामावर उशिरा पोचली, मास्तरांशी धड बोलली नाही. रात्रीच्या पाळीला निघालेल्या ताईला तिने गाठलं. "माझ्या अंगावर बेतलेला कोट, ताई. आणि चेहरा तिचा!"

"मग? तिचं काम फोटो काढून घ्यायचं, तुझं माप द्यायचं."

"मला माझा चेहरा पाहिजे."

"तुझा चेहरा आहे की तुझ्याकडे. कोणी पळवला?" ताई चप्पल घालत म्हणाली. पण त्या घटकेपासून शिडीला घास गोड लागेना.

सुट्टीच्या दिवशी ती मॉडेल पुरवणाऱ्या एजन्सीत जाऊ लागली. जिन्यावर मुलींची रांग, छातीवर चिकटवलेला नंबर. आत पांढऱ्या भिंतीसमोर दहा पावलं चालायचं, वळायचं, नाव आणि उंची सांगायची. "कळवू." पहिल्या एजन्सीत कळवू, दुसरीतही कळवू. आणि कळवत कोणीच नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी साखळीचा चष्मा लावलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी तिला दोनदा चालायला लावलं.

"पळत सुटल्यासारखी चालतेस. कोणी मागे लागलंय का?"

"नाही."

"चेहरा चांगला आहे. वेगळा आहे." मॅडमनी चष्मा काढला. "कमरेचे दोन इंच जाऊ देत. सहा आठवड्यांनी ये, बघू."

शिडी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. दोन इंच! तिला वाटलं, हे तर चुटकीसरशी होईल. मास्तर आणि त्यांची वही तिला घरी पोचल्यावर आठवली.

तिने मास्तरांना सांगायला हवं होतं. रोज ती मनात म्हणे, उद्या सांगते. पण सांगितलं की वरचं काम जाणार, पुन्हा दोरे कापत बसायचं, आणि एजन्सीनेही नाही म्हटलं तर? तेलही गेलं, तूपही गेलं. ती सकाळी एक उकडलेलं अंडं आणि दुपारी काकडी खाऊन राहू लागली. ताई डबा भरायची, शिडी तो कारखान्यातल्या बायकांना वाटून टाकायची. तिसऱ्या आठवड्यात पँटी कमरेवरून घसरू लागल्या. तेव्हा तिने ताईच्या कपाटातून दोन क्रेप बँडेजं घेतली आणि सोमवारी सकाळी आतल्या कपड्यांखाली कमरेला आणि नितंबांना थरावर थर गुंडाळली, म्हणजे माप भरेल. मास्तरांनी टेप लावला, आकडा बघितला, वहीत लिहिला. त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, इतका त्यांचा विश्वास.

त्या आठवड्यात एका पँटचा नमुना पक्का करायचा होता. शिडी उभी राहिली, बसली, वाकली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बँडेजाच्या जाडीत तिला कापड कळतच नव्हतं, आणि मांड्या तर वाळूनच गेल्या होत्या.

"कुठे ओढतंय?" मास्तरांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"मांडीत?"

"नाही मास्तर. छान आहे."

मास्तरांनी नमुन्यावर सही केली. चार हजार पँटी कापायला गेल्या.

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी मॅडमनी स्वतः टेप लावला आणि मान हलवली. हिवाळी कपड्यांच्या एका पुस्तिकेसाठी तिची निवड झाली. शुक्रवारी सकाळी नऊला स्टुडिओत हजर राहायचं. शिडीने आईला फोन केला. आई आनंदाने ओरडली आणि लगेच म्हणाली, "आवाज का असा बारीक झालाय गं तुझा?"

बुधवारी दुपारी खाली तपासणीच्या टेबलांवर गडबड उडाली. शिवून आलेल्या पँटी त्याच मापाच्या दोन बायकांना घालून बघितल्या, तर एकीला मांडीच्या वर जाईना आणि दुसरीला बसता येईना. मॅनेजरांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. काचेच्या दारामागून शब्द ऐकू येत नव्हते. मास्तर वही उघडून आकड्यांवर बोट ठेवत होते आणि मॅनेजर मान फिरवत होते. "बावीस वर्षं झाली," तपासणीतली एक बाई म्हणाली. "म्हाताऱ्याचे डोळे गेले, म्हणतायत. घरी बसवणार बहुतेक."

शिडी तिथून निघाली. ती स्वच्छतागृहात गेली, तोंडावर पाणी मारलं, बाहेर आली, परत आत गेली. अजून कुणालाच काही कळलं नव्हतं. दोन दिवस गप्प राहिलं, की शुक्रवार. शुक्रवारनंतर तिचा कारखान्याशी संबंधच काय उरणार होता?

जिन्यात तिने बँडेजं सोडली आणि ती हातात घेऊन न ठोकता काचेचं दार उघडलं.

"मास्तरांची चूक नाही," ती म्हणाली. "माप खोटं होतं. मी खोटं दिलं."

मॅनेजर त्या गुंडाळीकडे बघत राहिले. त्यांना उलगडा व्हायला वेळ लागला. मास्तरांना नाही लागला. त्यांनी गळ्यातला टेप काढला, मॅनेजरांदेखत तिच्या कमरेला लावला आणि आकडा वाचला. आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"पोटाला काही घालतेस की नाही?" एवढंच ते बोलले.

तिला त्याच दिवशी काढून टाकलं. मास्तरांची नोकरी राहिली आणि पँटीही वाचल्या, कारण शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, शिंपी ज्याला माया म्हणतात, ती मास्तरांनी सवयीने भरपूर ठेवलेली होती. पण चार हजार पँटी उसवून पुन्हा शिवायला बायकांना पंधरा दिवस लागले. मीही उसवायला बसते, असं शिडीने गेटवर जाऊन सांगितलं. पहारेकऱ्याने तिला आत सोडलं नाही.

ताईला सगळं कळलं तेव्हा ती कडाडली. "माझ्या कपाटातली बँडेजं! दिवसभर लोकांना खा म्हणून सांगते मी, आणि घरात ही!" मग तिने भाताची ताटली शिडीपुढे ठेवली आणि ती रिकामी होईपर्यंत समोरून हलली नाही.

शुक्रवारी स्टुडिओत शिडीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, हनुवटी वर. हनुवटी वर गेली, तर खांदा पडला. खांदा सावरला, तर पाय हलला. तासाभरात एक फोटो धड निघाला नाही. कोपऱ्यात मॅडम घड्याळ बघत होत्या. शेवटी फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. "बाई, तुला हवं ते कर. मी दमलो."

तिला एकच गोष्ट येत होती. तिने अंगातल्या हिवाळी कोटाची कॉलर उचलली, हात वर करून काख तपासली, खाली वाकली, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं, झटकन उठली आणि चालू लागली. कोट कुठे काचतो ते शोधत ती भिंतीवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या पांढऱ्या कागदावर येरझाऱ्या घालत होती. कॅमेऱ्याचा आवाज थांबेना, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"असंच!" फोटोग्राफर ओरडला. "थांबू नकोस!"

त्या पुस्तिकेतली तिची पानं दुसऱ्या दोन दुकानांनी बघितली. "एका जागी उभी राहतच नाही, ती मुलगी पाठवा," असे फोन मॅडमना येऊ लागले. तिच्या चालीबद्दल मॅडम पुन्हा काही बोलल्या नाहीत. कमरेचा विषय मात्र त्यांनी एकदा काढला, तेव्हा शिडी म्हणाली, "आहे ती कंबर लिहा. मी आता खोटा आकडा देत नाही." मॅडमनी नाक मुरडलं आणि लिहिला. दोन कामं त्यापायी गेली, बाकीची टिकली. तीन वर्षांत तिचे फलक लागले, मोठ्या शोमध्ये ती सगळ्यांत आधी चालू लागली. आई वर्तमानपत्रातली कात्रणं गादीखाली ठेवायची आणि आल्यागेल्याला काढून दाखवायची. शिडीने स्वतःची खोली घेतली. पण त्या खोलीत ती सलग चार दिवस कधी राहिली नाही.

एकदा दुपारी दोन कामांच्या मधे तिने गाडी कारखान्याकडे वळवायला सांगितली. पहारेकऱ्याने या वेळी सलाम ठोकला. मास्तर वरच होते. समोर एक नवी मुलगी नमुना घालून उभी होती. त्यांनी शिडीला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आईची चौकशी केली.

"मास्तर, राग आहे का अजून?"

"राग कसला? तू येऊन सांगितलंस. कोण सांगतं?" त्यांनी टाचणी लावली. "पण परत कामाला आलीस, तर तुझं माप मी दोनदा घेईन."

तिने मान खाली घातली. चहा पिऊन होईपर्यंत ती तिथेच बसली. मास्तर त्या मुलीला विचारत होते, कुठे ओढतंय, आणि मुलगी लाजून गप्प उभी होती.

"गुडघा उचलून बघ," शिडी तिला म्हणाली. "आणि खरं काय ते सांग."

खाली गाडीने हॉर्न दिला. फोनवर मॅडमचे तीन निरोप येऊन पडले होते. चारच्या कामाची वेळ साडेतीनवर आली होती. शिडीने मास्तरांचा निरोप घेतला आणि गाडीत बसता बसताच ताईला फोन लावला. "ऐक, आज संध्याकाळी येते, पण तासभरच. उद्या पहाटे विमान आहे."

"जेवायला थांबशील?" ताईने विचारलं.

"थांबते," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला जरा जोरात घ्यायला सांगितलं.