दाराबाहेरच्या चपला

“चपला दिसतायत तोवर बसेन,” बबडी म्हणाली आणि दाराच्या फटीकडे तोंड करून चटईवर बसली. बाहेर जिन्याशी तिच्या आईच्या निळ्या चपला आणि त्यांच्या पलीकडे बाकावर आई. बाक आतून दिसत नसे, चपला दिसत. मी म्हटलं, चालेल.

बबडी आठ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिचे बाबा “आलोच” म्हणून घराबाहेर पडले आणि रस्त्यावरच्या अपघातात गेले. तेव्हापासून ती आईला नजरेआड होऊ देत नव्हती. तिचं शाळेत जाणं बंद होतं आणि आईचं शेजारच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातलं काम जाण्याच्या बेतात होतं.

मुलांच्या भीतीवर उपाय करणं हे माझं काम. त्यासाठी मला एक जाडजूड पुस्तक दिलेलं होतं. बारा भेटी, कोणत्या भेटीत काय करायचं ते ठरलेलं, सगळं शेकडो मुलांवर पारखून घेतलेलं. लिहिणाऱ्यांकडे शांत खोल्या असाव्यात. आरोग्य केंद्रातली माझी खोली लसीकरणाच्या खोलीला लागून होती आणि भिंतीपलीकडे कुणी ना कुणी बाळ सतत भोकाड पसरलेलं असे. त्यामुळे पुस्तक कापून-बेतूनच वापरावं लागे आणि त्यात माझा हात धरणारं केंद्रात कोणी नव्हतं. पुस्तकातली भीतीची शिडी मी खऱ्या जिन्यावर खडूने आखायची. भीती किती हे आकड्यात विचारण्याऐवजी पाण्याची बाटली पुढे करायची, मूल बोट ठेवून दाखवायचं, इथपर्यंत. बबडीने पहिल्या दिवशी बुचावर बोट ठेवलं होतं. आमच्या मोठ्या मॅडम म्हणायच्या, हिला पुस्तक देऊ नका, गोधडी शिवून परत करेल. मी ते कौतुक समजत असे.

एका नियमाला मात्र कात्री लावायची नव्हती. आई जाणार असेल तर मुलाला सांगून जाईल, नजर चुकवून नाही. रडू आलं तरी चालेल. आई जाते आणि परत येते, हे मुलाने स्वतः सोसून शिकायचं. औषध म्हणाल तर तेवढंच, बाकी सगळं अनुपान.

आठ भेटी झाल्या आणि एके सकाळी बबडीच्या आईने मला जिन्यातच गाठलं. धुलाईखान्याच्या मुकादमाने बजावलं होतं, उद्यापासून दहा ते अकरा कपडे ताब्यात घ्यायला हजर नसलीस तर दुसरी बाई बघतो. बबडीच्या रोजच्या भेटीची वेळही तीच.

“ताई, चपला इथंच ठेवते,” ती हळूच म्हणाली. “अनवाणी जाते. तिला काय कळणारे?”

त्याच क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. पोरीला समोर बसवून खरं सांगितलं असतं, तर ती दोन दिवस रडली असती, फार तर चार. पण मुकादम थांबणार नव्हता, जिन्यावर पुढची मुलं ताटकळत होती आणि खरं सांगायचं तर मला तिचं रडणं नको होतं. मी मान हलवली.

चार भेटी बबडी तासभर शहाण्यासारखी बसली. चित्रं काढली. मी बाटली पुढे केली की तळाशी बोट ठेवायची. मी फॉर्मवर लिहिलं, ‘आईशिवाय एक तास. ध्येय साध्य.’ पुढच्या आठवड्यात ती शाळेत गेली. केंद्राच्या बैठकीत मॅडमनी मला चपलांची युक्ती सगळ्यांना सांगायला लावली. मी अर्धी सांगितली, अर्धी गिळली.

याला चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात ती आली. मी ओळखलं नाही, मग तिने आपणहून नाव सांगितलं, बबडी. आई वारली होती. आवराआवर करताना कपाटात तिला स्वतःची तेव्हाची चित्रं सापडली, आईने जपून ठेवलेली. ती दाखवायला आली होती. चार चित्रं, चारही निळ्या चपलांची.

“आई शेवटपर्यंत म्हणायची, ताईंमुळे माझी पोर सुधारली,” ती म्हणाली. मग चित्रं एकावर एक ठेवत, “मला माहीत होतं, ताई. पहिल्याच दिवशी. आई परत आली तेव्हा तिचे तळवे काळे होते.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“आईचं काम गेलं असतं. आणि तुम्ही किती खूश होतात.” ती जराशी हसली. “बाटलीवर बोटपण खोटंच ठेवायचे.”

म्हणजे ते औषध तिने घेतलं होतं, सगळंच्या सगळं. एकटीने, भिंतीपलीकडची रडणी ऐकत, स्वतः न रडता. शाबास म्हणायला कुणी नव्हतं, कारण शाबास म्हणणारी मी, आणि मी शेजारी बसून रंगीत खडू पुढे करत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

“आता बरी आहेस ना?” मी विचारलं.

“आहे की. नोकरी करते. फक्त कुणी ‘आलेच’ म्हणालं, की आधी त्याच्या पायांकडे बघते.”

तिला पाणी तरी द्यावं म्हणून उठले आणि जिभेला वळणच पडलेलं, म्हणून गेले, “बस हं, आलेच.”

तिची नजर माझ्या पायांवर गेली.

मी परत फिरले. तिच्यासमोर बसले.

“खालच्या नळावर जातेय,” मी म्हटलं. “पाणी आणायला. पाच मिनिटं लागतील. मग मी परत येईन.”

तिने मान हलवली. मी बाहेर येऊन चपला घातल्या आणि तिला ऐकू जाईल अशा वाजवत जिना उतरले.