अक्काताईंचा कागद

ऐश्वर्याने रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचून पर्समध्ये ठेवला, तोच सासूबाई जैन बस्तीतून, देवदर्शन करून परतल्या. पर्युषणाचा पाचवा दिवस होता, उत्तम सत्य हा धर्म पाळायचा. चप्पल काढायच्या आधीच अक्काताईंनी विचारलं,

“काय म्हंतोय कागद?”

“कमी झालंय, आई. पण पूर्ण गेलं नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी तीन महिने गोळ्या घेऊ आणि परत तपासू.”

“आनी तवर वाढलं तर?”

ऐश्वर्याने पर्सची चेन लावली. गर्भाशयाच्या अस्तरावर क्वचितच दिसणारी वाढ होती ती. अजून कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेली. गर्भाशय काढून टाकणं हा सरळ इलाज. पण मूल हवं म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीतून तेवढीच वाढ काढली होती आणि तिला हार्मोनच्या गोळ्यांवर ठेवलं होतं, दर तीन महिन्यांनी तपासणीच्या अटीवर. मूल झालं की पिशवी काढायचीच, हेही बजावलं होतं. तिच्या नवऱ्याचं, जिनेशचं, मत असं होतं की मत ऐश्वर्याचंच असावं. अक्काताईंनी मात्र सहा महिने एकच धोशा लावला होता.

“काढून टाक बाई. माझी काढली, म्हणून मी हाय. न्हायतर जिनेश तीन वर्साचा आसताना पोरका झाला आसता.”

कसबा बावड्यातलं हे घर दुपारी अगदी गप्प होई. अक्काताई जेवून आडव्या होत आणि डोळा लागला की झोपेतच कुणाला तरी ओ देत, “आलो गं, आलो.” नवी नवरी असताना ऐश्वर्या एकदा धावत गेली होती. नंतर सवय झाली. पण आजार निघाल्यापासून त्या आवाजाची तिला फार भीती वाटे. आपणही एक दिवस अशाच कुणाला तरी ओ देत पडून राहू, असं वाटे.

आज जेवण झालं, तरी अक्काताई आडव्या झाल्या नाहीत. ट्रंकेतल्या लुगड्यांखालून एक पिवळा पडलेला लिफाफा काढून त्या समोर येऊन बसल्या. तेहतीस वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर त्यांची पिशवी तपासायला पाठवली होती, त्याचा लॅबचा कागद. सगळा इंग्रजीत टाइप केलेला.

“तुझा वाचलास. माझाबी वाच की.”

“आता कशाला, आई?”

“एक पोरगी येती गं दुपारची झोपंत. हाक मारती. मी तिला सांगतो, आजार व्हता बाळ, म्हणून तुला येऊ दिलं न्हाय. रोज सांगतो.” त्यांनी कागद पुढे केला. “खरं हाय न्हवं त्ये?”

चारच ओळी होत्या. गर्भाशय निरोगी. अस्तर निरोगी. गाठ आढळली नाही. ऐश्वर्याने कागदाच्या वरच्या कोपऱ्यातलं नाव पुन्हा तपासलं. अक्काताई जिनपाल, पुढे सासऱ्यांचंच नाव, वय सत्तावीस.

हे मोठ्याने वाचलं असतं, तर सहा महिन्यांचा वाद तिथेच मिटला असता. घरात पुन्हा कुणी काढून टाक म्हणालं नसतं. समोर पांढऱ्या साडीतली सासू दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत होती.

“होता आजार,” ऐश्वर्या पंख्याकडे बघत म्हणाली. “लिहिलंय इथं. काढली ते बरंच झालं, आई.”

आता आपल्या बाजूने बोलायला काही उरलं नाही, हे तिला कळत होतं.

अक्काताईंनी कागद परत घेतला आणि जुन्याच घडीवर घडी घातली.

“ह्येंनीबी आसंच वाचून दाखवलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “आसंच. वर पंख्याकडं बघून.”

ऐश्वर्याला मान खाली करता येईना.

अक्काताई उठल्या. गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणून त्यांनी भांडं भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

“दुपारची गोळी ऱ्हायलीया तुझी. घे. आनी तीन म्हैन्यानं तपासायला जाशील, तवा मी येतो संगं.”