पाच दिवस मी खिळ्यावरच

कडा उडालेला, मुठीला चिंधी गुंडाळलेला मी एक जुना हातआरसा. मित्रांनो, आम्हा आरशांना थोडा तोरा असतोच. एका नव्या नवरीने मला घरी नेलं, तेव्हा वाटलं, आता जन्मभर सुंदर चेहरे बघायचे. तिचा रंगारी नवरा मागून माझ्यात डोकावून तिला मुद्दाम वेडावून दाखवायचा.

एके दिवशी इमारत रंगवताना तो परांचीवरून पडला. मणका मोडला आणि कमरेखालची हालचाल गेली, जाणीवही गेली. चिमटा काढला तरी कळेना. नर्सबाईंनी बायकोला बजावलं, "ह्यांना दुखणार नाही, म्हणून बघावंच लागेल. रोज सकाळी कुशीवर वळवा, आरसा धरा. पाठ, बसायची जागा, टाचा. लाल डाग दिसला की बसणं बंद, नाहीतर दाबून तिथे जखम होते!"

खोटं कशाला बोलू, ह्या कामाला मी आधी नाक मुरडलं. पण सात वर्षं त्याला एकही जखम झाली नाही. नर्सबाई म्हणाल्या, "आरसा कामाचा निघाला हो!" तेव्हा मला फार बरं वाटलं.

चाकाच्या खुर्चीत बसून तो पंखे दुरुस्त करायला शिकला. एकदा शाळेचे वीस पंखे आले, शाळा उघडायच्या आत द्यायचे होते. "आज राहू दे गं आरसा, उद्या बघू," तो म्हणाला. बायकोही दमलेली होती. त्या उद्याचे पाच दिवस झाले, मी भिंतीवरच्या खिळ्यालाच लटकलेला.

पहिल्याच दिवशी एक नट हरवला. टेबल, डबे, फरशी, सगळं पालथं घातलं. "जमिनीने गिळला की काय?" आणि मग सगळा राग त्यांच्या शाळकरी लेकीवर. "तूच उचललास! माझ्या सामानाला हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं?" पोर रडून रडून थकली.

सहाव्या दिवशी चादरीवर डाग दिसला. बायकोने मला ओढूनच खाली काढलं. त्याला कुशीवर वळवून मला मागे धरलं. बसायच्या जागी बोराएवढं काळं, मधे खोल गेलेलं. खुर्चीतल्या गादीची खोळ झटकली, तसा नट खणकन फरशीवर पडला. पाच दिवस तो त्याच्यावरच बसला होता.

"बाबा, मी नव्हता ना घेतला?" लेक म्हणाली. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

जखम हाडापर्यंत गेली. दोनदा शिवली, दोनदा उसवली. आठ महिने तो पालथाच आहे. "बसायचं आता विसरा," डॉक्टर म्हणाले. खुर्ची घडी करून दाराआड ठेवली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल तर आरसा एक दिवसही खिळ्यावर राहू देऊ नका. दोन मिनिटं लागतात हो, फक्त दोन मिनिटं!

आता मी रोज खाली येतो. तो मान भिंतीकडे वळवतो, बघत नाही. काल लेकीने मला धरलं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आज कमी दिसतंय, बाबा."

कमी नव्हतं. मी तिच्याच हातात होतो, तिलाही ते दिसत होतं.