ट्रम्पेट परत आले तेव्हा

मास्तरांनी पेटीचं झाकण उचकटलं, भुशात हात घालून पहिला ट्रम्पेट बाहेर काढला आणि असा फुंकला, की वरच्या मजल्यावरचं पोर रडायला लागलं.

"झालं समाधान?" बायकोने कांदा चिरता चिरता विचारलं.

झालं होतं, अगदी पोटभर. राजाच्या काळात मास्तरांचं एकही गाणं ट्रम्पेटशिवाय उभं राहत नसे. मग क्रांती झाली, राजा पळाला आणि शहरातलं सगळं पितळ काडतुसांसाठी वितळलं. वाद्यंच नाहीत म्हटल्यावर मास्तर करतात काय? चुलीपाशी गुणगुणणारी बायको तेवढी हाताशी होती. तिच्या एकटीच्या गळ्यासाठी त्यांनी नाइलाजाने जे लिहिलं, ते घरोघरी गेलं. बाजारात आता बायकोला लोक वाट करून देत आणि मास्तर पिशवी धरून मागे चालत. त्यांना ते मनापासून आवडायचं.

क्रांतीचा वर्धापनदिन तोंडावर आला होता. नव्या सरकारने ट्रम्पेट धाडले होते आणि सोबत निरोप: यंदा दणक्यात होऊ द्या.

"नगाऱ्याची घाई, तिथं टिमकीचं काय!" बायको हसून म्हणाली. "तुम्ही खुशाल वाजवा हो. मी बसेन पहिल्या रांगेत टाळ्या पिटत."

हसली खरी, पण चिरलेलाच कांदा पुन्हा चिरत राहिली. मास्तरांनी ते पाहिलं. ट्रम्पेट मात्र त्यांच्या हातातून सुटेना. माणूस हावरट, दुसरं काय!

तालमीला सहा वादक आले, सगळे फौजेतले, छाती काढून बसलेले. बायको दाराशीच रेंगाळली होती. मास्तरांनी तिला हाताला धरून मधोमध आणलं आणि सर्वांना कागद वाटले. ती बिचकत पहिली ओळ गायली. वादक ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्यांच्यातल्या थोरल्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

"मास्तर, इथं तर नुसतं थांबायचंच लिहिलंय. आम्ही वाजवायचं कधी?"

"ती श्वास घेईल तेव्हा."

"तेवढ्यातच?"

"तेवढ्यातच. पण काय वाजवायचं ते जीव तोडून वाजवा."

थोरल्याने डोकं खाजवलं. सरकारला काय सांगायचं, हे तो बहुधा मनात जुळवत होता. मग तो बायकोकडे वळला.

"वहिनी, एवढी कृपा करा. जरा मोठा श्वास घेत जा."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उगाच खिशात चष्मा शोधत होते, तो नाकावर असताना. तिने पदर खोचला, पुढची ओळ धरण्याआधी थांबली आणि सावकाश, छाती भरून श्वास घेतला.